घरगाडीतली माझी फळी

१२ जानेवारी, रविवार

ही डायरी बिद्रीच्या पावण्यांनी दिली. दीपा म्हणली, आज्जी, रोज चार ओळी लिहा, डोकं तल्लख राहतं. दीपा म्हणजे नातसून, पुण्याची. माझं डोकं तल्लखच हाय, पण कोरी डायरी रद्दीत घालायला जीव होईना. शाळा चौथी. अक्षर सगळ्या घरात माझंच बरं.

दीपाला माझी भाषा बी सुधरायची हाय. म्हणते, आज्जी, बाईमाणसानं मी जाते म्हणायचं. मी म्हणलं, आम्ही कोल्हापूरच्या बाया जातो म्हणतो. आणि जातो बी.

आज ऋषभनं, म्हणजे नातवानं, घरगाडी आणली. जीपच्या मागं जोडायचा डबा. चाकं दोन, दार एक, आत सगळा पोकळ. परड्यात शेवग्याखाली लावलाय. आता त्यात ओटा, कपाटं आणि झोपायच्या फळ्या तो स्वतः करणार. सुतार न्हाय, मोबाईलवर बघून. कंपनीत इंजिनेर हाय. म्हणजे लाकडातलं काय कळत न्हाय.

कशाला, तर श्रवणबेळगोळला बाहुबलीच्या दर्शनाला. वाटेत कुठल्या बी हॉटेलात शिरा, कांदा-बटाट्याशिवाय ताट न्हाय, आणि ताट येईस्तोवर दिवस मावळतो. आम्ही जैन, दिवस मावळला की आमची तोंडं बंद. म्हणून आपला ओटा आपल्यासंगं. नऊ फेब्रुवारीला सकाळी निघायचं. ऋषभला रजा तेवढीच.

माझी धाकटी बहीण चंदना, हातकणंगल्याची, तीनदा जाऊन आली. मी एकदा बी न्हाय. पहिल्या येळी आमची म्हस याली, रेडकू झालं. दुसऱ्या येळी म्हस याली. तिसऱ्या येळी ह्यांचा पाय मोडला, आणि त्याच आठवड्यात म्हस याली. यंदा मी आधीच बघून ठेवलंय. म्हस गाभण न्हाय.

मला तशी हौस न्हाय. पोरं म्हणत्यात म्हणून.

१९ जानेवारी, रविवार

ओटा झाला, कपाट झालं. मागं ऋषभ-दीपाचा मोठा पलंग. पुढं भिंतीला बिजागरीनं लावलेली एक फळी. दिवसा वर उचलून भिंतीला टेकवायची, झोपताना खाली पाडायची. एका टोकाला गाडीची भिंत, दुसऱ्या टोकाला कपाट, मधी फळी. ऋषभ म्हणला, आज्जी, ही तुझी. तुझ्या गुडघ्यासाठी मुद्दाम खाली लावलीया.

मी म्हणलं, बरं.

कपाटाच्या अंगात, फळीच्या बाजूनं, त्यानं कोनाडा कापला. चष्मा आणि जपाची माळ ठेवायला. वरनं सागाचा पातळ पापुद्रा लावलेला चांगला प्लाय होता. पण त्याचं ते थडथडणारं करवतमशीन थांबायच्या जागी थांबलं न्हाय. चारी कोपऱ्याला रेघा पुढं गेल्या. कोनाड्याला मांजराच्या मिशा फुटल्यासारखं दिसतंय.

ऋषभ म्हणला, काय होत न्हाय आज्जी, दुकानात रंगीत मेणाची कांडी मिळते. चिरेत घासायची, पुसायची, दिसत बी न्हाय. पुढच्या रविवारी आणतो.

दीपा म्हणली, तशी बी कोण बघणार हाय?

कोण म्हणजे? चंदना. निघायच्या दिवशी ती वाटं लावायला येणार. माझ्या लग्नातल्या पैठणीवर तेलाचा डाग कुठं पडलता ते तिला अजून पाठ हाय. ती आल्या आल्या बोट फिरवणार आणि म्हणणार, आक्का, हे काय?

तिचा दुपारी फोन आला. आक्का, मला जागा हाय का बघ की. मी म्हणलं, न्हाय. फळी एकच हाय आणि ती माझ्या मापाची हाय. ती म्हणली, तुला चढ झेपतोय का पण? मी म्हणलं, डोली मिळते. ती म्हणली, देवाच्या पायाशी दगडात वारूळ कोरलंय, ते बघ बरं का, मी तिन्ही येळेला बघितलंय. मी फोन ठेवला.

निर्धार: चिरा मी बुजवणार. रविवारपर्यंत थांबायचं न्हाय. जन्म लिंपण्यात गेला, चार चिरा काय घेऊन बसलाय.

२० जानेवारी, सोमवार

पोरं कामावर गेल्यावर काम काढलं.

मेणाची कांडी म्हणजे पोरखेळ. आमची विहीर गूळ-चुन्यात बांधल्या. सासऱ्यांच्या काळची. अजून दगड हलला न्हाय. गूळ-चुन्याच्या पुढं मेण काय टिकणार?

गुळाचा एक खडा घेतला. मग आणखी एक, कारण पहिला खाऊन बघितला. चुना पानाच्या डब्यातला. त्यात लाकडाचा भुसा. चांगला मळला आणि बोटानं चिरेत दाबून भरला. उरलेला टाकायचा कशाला, म्हणून कपाटाच्या आतल्या अंगानं बी थापला. मजबुती.

ओला हाय तोवर रंग जरा काळा दिसतोय. वाळल्यावर सागासारखा होणार.

२१ जानेवारी, मंगळवार

वाळला. काळाच राहिला. आधी मिशा बारीक होत्या, आता भरदार झाल्या.

पण लांबून बघितलं तर नक्षी वाटते. जवळनं बघायला कुणी सांगितलंय.

२२ जानेवारी, बुधवार

दीपानं विचारलं, आज्जी, हे काळं काय? मी म्हणलं, नक्षी.

कोनाड्यात दोन मुंग्या दिसल्या. वाट चुकून आल्या असतील.

२३ जानेवारी, गुरुवार

वाट चुकलेल्या न्हाईत.

शेवग्याच्या बुंध्यापासनं चाकापर्यंत, चाकावरनं दारात, दारातनं कपाटात अशी रांग. कपाटाच्या पाठीमागं प्लायमधी पोकळी हाय, तिथं घर केलंय. अंडी बी आणल्यात. म्हणजे राहायला आल्या.

संध्याकाळी ऋषभनं बघितलं. म्हणला, आज्जी, गूळ घातलास? मी म्हणलं, थोडा. म्हणला, किती थोडा? मी म्हणलं, खडा. म्हणला, एवढा का एवढा? मी म्हणलं, हातपाय धू जा आधी, कामावरनं आलायस.

शेजारची झुंबरबाई कुंपणावरनं म्हणली, पावडर मारा की, दोन मिनिटाचं काम हाय. तिला काय. आमच्यात पेटलेल्या दिव्यावर किडा येऊ नये म्हणून दिवा झाकत्यात. मुंग्या मारून बाहुबलीला जायचं, आणि तिथं वारुळात उभ्या देवाला काय सांगायचं? गाडी तेवढी झाडून घेतली म्हणून?

बरं, मुंग्यांसकट न्यावं, तर त्यांची सगळी पावणी हितं. तिकडं गेल्यावर त्यांना कन्नड कुठं येतंय.

ऋषभ म्हणला, गाडीतनं मुंग्या गेल्याशिवाय गाडी हलणार न्हाय. आणि नऊ तारखेपर्यंत गेल्या न्हाईत तर जाणं रद्द.

निर्धार: मुंग्या दोन दिवसात बाहेर. गोडीगुलाबीनं.

२४ जानेवारी, शुक्रवार

कोनाड्यापासनं शेवग्यापर्यंत कणकेची रेघ ओढली. मुंगीला वाट दाखवली की ती जाते. आमची आई असंच करायची.

मुंग्यांनी रेघ बघितली. आवडली. सगळी कणीक उचलून आत नेली.

२५ जानेवारी, शनिवार

आज कणकेत साखर घातली आणि रेघ उलट्या बाजूनं, शेवग्याकडनं ओढत आणली. तिकडच्या बी आल्या. आत आता लग्नघर हाय.

मी त्यांना शिव्या दिल्या. दीपा म्हणली, आज्जी, वाचेची बी हिंसा असते. पुण्याची हाय, पण पाठशाळा झाल्या तिची. मी म्हणलं, त्यांना मराठी कळत असती तर एव्हाना गेल्या असत्या.

चंदनाचा फोन. आक्का, तयारी कुठवर? मी म्हणलं, जवळजवळ झाली. म्हणली, दीपा म्हणत होती मुंग्या झाल्यात. दीपानं पुण्यातनं काय शिकून आणलं असंल तर ते हे. मी म्हणलं, मुंग्या शुभ असत्यात. म्हणली, व्हय, देवाच्या पायाशी. कपाटात न्हाय.

२६ जानेवारी, रविवार

ऋषभ-दीपा सांगलीला लग्नाला गेले. घर मोकळं. डोकं बी मोकळं चाललं.

गुळाचा भागच कापून काढायचा. म्हणजे मिशा बी जातात, मुंग्या बी जातात, कोनाडा जरा मोठा होतो. चष्म्यासंगं औषधाचा डबा बी बसंल. एवढं सोपं इंजिनेरला कसं सुचलं न्हाय.

करवतमशीन भिंतीला लावून ठेवलंय. मी चाळीस वर्षं कडबाकुट्टी चालवली. हे मशीन म्हणजे तिच्यापुढं उंदीर. पेन्सिलीनं रेघा मारल्या. टेप घेतली न्हाय. टेप चायनाची असते. माझी वीत देवानं दिलेली हाय. बोटं अलीकडं जरा वाकडी झाल्यात, पण वीत तीच. लग्नात होती तेवढीच.

मशीन सुरू केलं. ते उंदीर न्हाय, तो डुक्कर हाय. मी इकडं म्हणलं की तिकडं. एक रेघ सरळ आली. दुसरी पाटाच्या पाण्यासारखी वळली. वरचा सागाचा पापुद्रा कडंनं कोंबडीच्या पिसासारखा उठला.

पण काम झालं. कापलेले तुकडे मुंग्यांसकट पितळी परातीत घेतले, णमोकार मंत्र म्हणत शेवग्याखाली अलगद ठेवले. अंडी बी गेली, आया बी गेल्या. मागनं सगळी रांग आपसूक उतरली. एक बी मेली न्हाय. एखादीचा पाय मुरगळला असंल.

आता कोनाडा बघितला तर कोनाडा राहिला न्हाय. दार झालंय. आत वाकून बघितलं तर ओट्याखालची सिलिंडरची जागा दिसते.

संध्याकाळी ऋषभ आला. हातात मेणाची कांडी. कांडी बघितली, भोक बघितलं, आणि गाडीच्या पायरीवर बसला. मी म्हणलं, मुंग्या गेल्या. म्हणला, व्हय आज्जी, मुंग्या गेल्या. दीपानं त्याला पाणी आणून दिलं. लई नाजूक हाय पोरगा.

२८ जानेवारी, मंगळवार

भोकाला चौकट बसवायची. कड झाकली की बात संपली.

पहिल्यांदा पातळ पट्ट्या लावून बघितल्या, ऋषभनं आणल्यात त्या. माझ्या वितीनं मापून कापल्या. चारी आखूड पडल्या. लाकूड थंडीत आटतं. पुन्हा चार कापल्या, जरा वाढवून. पुन्हा आटल्या. माल चांगला येत न्हाय आता.

मग आठवलं, गोठ्याच्या माळ्यावर जुन्या खिडकीची चौकट हाय. अस्सल सागवान, चार बोटं जाड. असलं लाकूड आता बघायला मिळत न्हाय. चंदनाकडं तर न्हायच.

३० जानेवारी, गुरुवार

ज्ञानू सुताराला बोलावलं. कळंब्याचा हाय; तुरुंग बी तिथंच. तळ्याजवळचा, तुरुंगातला न्हवं, असं तो ओळख करून देताना आधी सांगतो. कुणी विचारलेलं नसतं.

त्याला चौकट दाखवली. म्हणला, आज्जी, गाडीच्या मानानं लई जाड हाय, बाहेर येणार. मी म्हणलं, सागवान बाहेरच दिसायला पायजे, आत लपवायला काय चोरून आणलंय? म्हणला, बरं. माप काढतो. मी म्हणलं, माप काढलंय. त्यानं माझं माप बघितलं, मग टेपनं बघितलं, मग माझ्या हाताकडं बघितलं. टेपनंच कापलं. एवढ्या वयाच्या माणसाला काय शिकवायचं, म्हणून मी कापू दिलं.

चौकट बसली. रंधा मारून, पॉलिश लावून अशी काय चमकली की दीपानं मोबाईलवर फोटो काढला. आता चंदना, फिरव बोट.

ज्ञानू पटाशी गुंडाळता गुंडाळता म्हणला, पण आज्जी, ती फळी जी हाय ना... मी म्हणलं, चहा घे आणि नीघ, ऊन उतरलं. त्यांना एका कामातनं दुसरं काम काढायची सवय असते.

२ फेब्रुवारी, रविवार

फळी खाली पडत न्हाय.

वरनं सोडली की चौकटीवर येऊन अडते आणि तिरकी लटकते. चौकट चार बोटं पुढं आल्या ना. म्हणजे चौकटीची चूक न्हाय. फळीच आधीपासनं लांब कापलेली हाय. ऋषभला मापच कळत न्हाय.

तो म्हणला, आज्जी, चौकट काढू, पातळ लावतो. मी म्हणलं, चौकटीला हात लावायचा न्हाय. म्हणला, मग झोपणार कशी? मी म्हणलं, ते माझं मी बघतो. म्हणला, आज्जी, हात जोडतो, काय बघू नको. शनिवारी मला रजा हाय. शनिवारी फळी चार बोटं कापतो, तोवर तू फक्त बसून राहा.

बसून राहा. मला. चाळीस वर्षं कडबाकुट्टी.

५ फेब्रुवारी, बुधवार

कापली.

त्याचं काय झालं, कापायचीच हाय तर अंदाजानं चार बोटं कशाला? नीट माझ्या मापाची करावी. माझ्या लग्नात आईनं मला भिंतीला उभं करून तिच्या वितीनं मापलं होतं. पाहुण्यांना उंची सांगायची होती. सात विती. सगळ्या भावकीत चर्चा होती, पोरगी सात वितीची हाय म्हणून. चंदना तेव्हा पाच वितीची होती आणि पुढं काय तिनं मनावर घेतलं न्हाय.

तर फळीवर सात विती मापल्या, एक एक नीट टेकवून. वरनं दोन बोटं उशाला सोडली. मशीन आता माझ्या हातात बसलंय. रेघ सरळ आली. कडंचा पापुद्रा एवढासाच उडाला.

तुकडा जरा मोठा निघाला. चांगला पोत्याएवढा रुंद, मांडीएवढा लांब. म्हणजे बघा, किती वायफळ लाकूड लावलंतं त्या पोरानं.

आता फळी सुळकन खाली येते. चौकटीला शिवत बी न्हाय. मधी बरीच मोकळी जागा राहते. हवा खेळती राहील.

दीपा म्हणली, आज्जी, एकदा झोपून बघा की. मी म्हणलं, भरल्या दुपारी आडवं व्हायला मी काय पेशंट हाय?

८ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर जीपचं काम करून रात्री ऋषभनं फळी बघितली. बराच वेळ बघितली. म्हणला, आज्जी, कुणी कापली? मी म्हणलं, अडत होती. त्यानं टेप लावली, एक आकडा म्हणला. मी म्हणलं, चायनाची हाय. म्हणला, आज्जी, तुझी उंची किती? मी म्हणलं, सात विती. म्हणला, कुणाच्या? मी म्हणलं, आईच्या. त्यानं टेप गुंडाळून खिशात घातली. ह्या पोराला आईची वीत न् माझी वीत वेगळी वाटते का काय? एकाच घरातली हाय.

मग म्हणला, तुकडा कुठाय? खालनं दोन लोखंडी पट्ट्या मारून जोडतो. तासाभराचं काम हाय. एक सांधा दिसंल तेवढा.

सांधा दिसंल. म्हणजे उद्या चंदना येणार, बोट फिरवणार आणि गावभर सांगणार, आक्काच्या फळीला ठिगळ हाय.

मी म्हणलं, तुकडा बंबात गेला. आंघोळीचं पाणी तापलं त्याच्यावर.

तुकडा कडब्याच्या मागं हाय.

ऋषभ म्हणला, रात्री दुकानं बंद, नवीन प्लाय आता कुठनं आणू? मी म्हणलं, कशाला आणायचा? माझी फळी मला पुरते. सकाळी बघ.

बांधाबांध झाली. माझ्या पिशवीत दोन लुगडी, शाल, माळ, पाणी गाळायचं फडकं, भडंग. पिशवी दाराशी ठेवल्या. मघाशी उठून पुन्हा बघितली, हाय का तिथंच. पिशवी कुठं जाणार हाय.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळ

चंदना उजाडायच्या आत आली. वाटं लावायला आली म्हणं. हातात पिशवी, पिशवीतनं शाल बाहेर आलेली. वाटं लावायला शाल कशाला लागते? म्हणली, थंडी हाय की, आक्का.

सरळ गाडीत चढली. चौकटीवर बोट फिरवलं. वर, खाली, कोपऱ्यात. वाकून आतनं बघितलं. फळीच्या कडंवरनं बी बोट नेलं. मी दारात उभा राहिलो.

म्हणली, आक्का, काय फिनिशिंग हाय गं! कुठं खोट म्हणून न्हाय.

जन्मात पहिल्यांदा म्हणली. दीपा साक्षीला होती.

मग ऋषभ म्हणला, आज्जी, आता आडवी हो बघू. सगळ्यांच्या म्होरं आडवं व्हायचं म्हणजे काय शोभतंय? पण झालो. डोकं भिंतीला टेकलं. पाठ टेकली. पाय पोटरीपासनं बाहेर. खाली काय न्हाय. खेळती हवा तेवढी.

कुशीवर झालो, गुडघं दुमडलं, तर गुडघं ओट्याला. गुडघं सरळ, तर पाय पुन्हा हवेत. दीपा म्हणली, आज्जी, तांदळाचा डबा ठेवू का पायाखाली? वर उशी घालू, छान होईल. मी म्हणलं, पाय डब्यावर ठेवून झोपायला मला काय दुकानात मांडलंय?

चंदना म्हणली, बघू गं, फळीच तशी हाय का. आणि आडवी झाली.

बसली. डोक्यापासनं टाचेपर्यंत. वर एक बोट शिल्लक. सुतारानं तिला समोर निजवून माप घेतल्यासारखी.

कोपऱ्यात कुकरची शिट्टी तेवढी वाऱ्यानं हालत होती.

मी म्हणलं, तसं बी मला जमणार न्हवतं. म्हस यायला झाल्या.

ऋषभ म्हणला, आज्जी, म्हस गाभण न्हाय.

मी म्हणलं, तुला काय कळतंय, इंजिनेर.

चंदना उठून बसली. म्हणली, आक्का, असं कसं, तू जा की. मी आपली बघायला आलतो. मी म्हणलं, न्हाय, तूच जा. फळी रिकामी न्यायची म्हणजे बरं दिसत न्हाय.

तिनं दुसऱ्यांदा विचारलं न्हाय. आणखी एकदा विचारायला पायजे होतं.

ऋषभ चार वेळा विचारून गेला. आज्जी, बसून चल, वाटेत धर्मशाळा बघू. आज्जी, पुढच्या सीटवर ये. मी म्हणलं, ऊन व्हायच्या आत निघा, न्हायतर दिवस मावळायच्या आत स्वयंपाक हुयाचा न्हाय. दीपा पाया पडली. माझी पिशवी दाराशी होती, तिला अडखळली. भडंगाचा डबा काढून तिच्याकडं दिला. पिशवी आत नेऊन ठेवली.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा चौकट मागच्या काचेतनं चमकत होती. सागवान ते सागवान.

९ फेब्रुवारी. दिवस मावळायच्या आधी

म्हशीला वैरण घातली. म्हस आरामात रवंथ करत होती. तिला काय झालेलं न्हाय. होणार बी न्हाय.

शेवग्याखाली गेलो. गाडी होती तिथं चाकाच्या दोन खुणा आणि तेलाचा एक थेंब. मुंग्या आल्या होत्या. जुन्या कणकेच्या वाटेनं रांग धरून यायच्या, जिथं चाक होतं तिथं येऊन थांबायच्या, गोल फिरायच्या आणि मागच्या पुढच्यांना विचारायच्या. मी सांगितलं, गाडी गेली बायांनो. मला बी न्हेलं न्हाय.

बाहुबली काय, उभाच हाय. हजार वर्षं उभा हाय. पुढच्या साली बी असंल.

चंदनाचा फोन आला, हुबळीच्या पुढनं. म्हणली, आक्का, दुपारी तासभर निजलो. पाळण्यात असल्यासारखं वाटलं. तुझ्या मापाची हाय म्हणून ऋषभ सांगत होता, मला खरं वाटंना. मी म्हणलं, माझ्याच मापाची हाय. लाकूड थंडीत आटतं. ती म्हणली, एवढं? मी म्हणलं, बेळगावपासनं थंडी जास्त.

कडब्याच्या मागनं तुकडा काढला. कापलेली कड पांढरी, पापुद्रा उडालेला. खिडकीत ऋषभची मेणाची कांडी पडली होती, ती घासली आणि फडक्यानं पुसली. चहा निवायच्या आत काम झालं. कुठं उडालं होतं ते शोधून दाखवा म्हणावं. कांडी बरी हाय.

चार विटा लावून त्याचा पाट केला. अंगणात मांडून भाकरी खाल्ली, ऊन हाय तोवर. वाटीतला गुळाचा चुरा सांडला असंल, पायाशी मुंग्या जमल्या. पाय हलवला न्हाय. उगाच एखादी चेंगरायची.

पाट ऐसपैस झालाय. मांडी घालून बसलो तरी दोन्ही अंगाला जागा उरते. हा तुकडा मात्र आटला न्हाय.